मांगरातल्या बंडाचं निशाण

मी बी.ए. झाले, इतिहास घेऊन, दुसऱ्या वर्गात. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, त्यामुळे वाडीत कुठलाही छापील कागद आला की तो फिरत फिरत माझ्याकडे यायचा. विजेचं बिल, बँकेची नोटीस, औषधाच्या बाटलीतली घडी घातलेली चिठ्ठी. मला कळत नाही, असं मी कधीच कोणाला म्हटलं नाही. नसेल कळत तर "उद्या सांगते" म्हणायचं आणि घरी जाऊन डिक्शनरी काढायची. पदवी मिळवली होती ती भिंतीला लावायला नाही.

ते जाडं इंग्रजी पुस्तकही तसंच माझ्याकडे आलं. आमच्याकडे तेव्हा नुकतेच पर्यटक उतरायला लागले होते. आईने मागची खोली चुना मारून तयार ठेवली होती. त्या खोलीत पुण्याकडची चार पोरं दोन दिवस राहून गेली आणि जाताना पुस्तक आणि फाशांची पिशवी विसरली. आईने ते वर्षभर जपून ठेवलं. वरच्या चित्रात पंखवाला अजगर आणि हातातून आग सोडणारा म्हातारा होता, म्हणून तिला ती कोणाची तरी पोथी वाटत होती. वर्ष झालं तरी पोरं आली नाहीत. तेव्हा ती मला म्हणाली, "वाच गो बाय, काय सांगता तां. नायतर परत बांधून ठेवतंय."

दोन हजार तीनचा पावसाळा असावा. मासेमारी बंदीचे दिवस, होड्या वर ओढून माडाच्या झापांनी झाकलेल्या. दादा दिवसभर मांगरात बसून जाळी दुरुस्त करायचा. मांगर म्हणजे आमची होडीचं सामान ठेवायची नळ्यांच्या छपराची खोली, ओसरीला लागूनच. त्याच्यासोबत त्याचा मित्र येऊन बसायचा. हा मित्र दशावतारात काम करणारा. दशावतारी नाटक पावसाळ्यात बंद आणि समुद्रही बंद, त्यामुळे दोघांची सुट्टी एकाच वेळी पडायची. दोघं रिकामे बसले की घरातला चहा संपतो, हे वहिनीचं म्हणणं. वहिनी कसालकडची, भातशेतीच्या घरातली. लग्नाला चार वर्षं झाली तरी समुद्राला ती "तुमचो समुद्र" म्हणायची, आणि त्यात काही कमीजास्त झालं की आम्हालाच जाब विचारायची.

आठ दिवस मी ते पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं आणि दोनशे पानी वहीत नियम मराठीत उतरवले. तो एक खेळ होता. सोंगट्या नाहीत, पट नाही. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीत एकेक माणूस व्हायचं. अडचण आली की फासा टाकायचा, जो आकडा पडेल तसं घडलं असं धरायचं. मी हे मांगरात समजावून सांगितलं तेव्हा मित्र हसायलाच लागला.

"ह्या पुस्तक वाचून शिकूचा लागता? आमी रोज रातचे हेच करतंव. आमका तर फासो पण लागना नाय."

खरं होतं ते. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या सुचतील ते बोलायचे. म्हणून त्या खेळात तो आमच्यापेक्षा पहिल्या दिवसापासून पुढे होता. मी मात्र सांगणारी. खेळ सांगताना मी शुद्ध बोलायचे, भांडण लागलं की मालवणी. वीस बाजूंचा फासा दुसऱ्याच दिवशी जाळ्यांच्या ढिगात गेला तो गेलाच. मग मी हौजीच्या एक ते वीस आकड्यांच्या टिकल्या बिस्किटांच्या डब्यात घातल्या आणि डबा हलवून एक काढायचा, असा नियम केला.

दादा खेळातसुद्धा होडीवालाच झाला. दुसरं काही हो म्हटलं तर म्हणाला, "माका जमता तां करतंय." वहिनीने झाडपाल्याची वैदीण घेतली. मित्राला मी म्हटलं, तुझ्यासाठी राक्षस आहे, चांगला दांडगा. तो एकदम गंभीर झाला.

"नको. माका माणूस दी."

आठ वर्षं तो राक्षसच करत होता. तीन तास रंगमंचावर राज्य करायचं, देवांना पळवायचं, आणि उजाडता उजाडता मरायचं. नाटक संपलं की लोक देवाचं काम करणाऱ्याच्या पाया पडायला जायचे आणि हा पडद्यामागे एकटा रंग पुसत बसायचा. एस.टी. स्टँडवर पोरं त्याला बघून आईच्या पदराखाली शिरायची. त्याची सख्खी भाची एकदा त्याच्यातला राक्षस ओळखून रडली होती. हे तो नेहमी हसत सांगायचा, आणि नेहमी सांगायचा, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

म्हणून मी त्याला पुस्तकाच्या कव्हरावरचा माणूस दिला, तळहातातून आग सोडणारा. वय मात्र कमी केलं.

गोष्ट मी आमच्याच खाडीवर बेतली. खाडीच्या तोंडावर राजाची चौकी. आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येक होडीतली निम्मी मासळी चौकीवाले काढून घेतात. एवढं मी सांगितलं आणि दादाच्या हातातलं जाळं खाली पडलं. खऱ्या आयुष्यात तो पंचायतीच्या मीटिंगमध्येही तोंड उघडत नाही. पण त्या नसलेल्या मासळीसाठी तो इतका तापला की वहिनीने त्याला पाणी दिलं. तिघांनी बंड करायचं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी ते चौकीशी पोचले. माझ्या वहीत आधीच लिहिलेलं होतं: चौकीत सहा शिपाई, त्यांचं जेवण करणारी एक रांधपीण, तिची दोन पोरं. सांगणाऱ्याने सगळं आधी ठरवून ठेवायचं आणि खेळणाऱ्याने विचारलं तरच सांगायचं, असं पुस्तकात होतं. वहिनी काहीतरी विचारायला तोंड उघडतच होती, तेवढ्यात मित्र उठून उभा राहिला.

"मी जाळतंय."

"काय जाळतोस?" मी विचारलं.

"सगळीच. चौकी."

मी डबा हलवला, त्याने टिकली काढली. वीस. वीस म्हणजे म्हणाल ते आणि म्हणाल त्याहून जास्त. चौकी जळाली, धूर पलीकडच्या किनाऱ्यावरून दिसला, दादाने टाळी वाजवली.

"आत कोण होते?" वहिनीने विचारलं.

मी वही वाचून दाखवली.

"तां आदी सांगूक नको?" मित्र म्हणाला.

"तू इचारलंस?"

"अगो बाय, माणूस आग लावताना इचारता काय, आत कोण कोण आसा म्हणान?"

"माणसाक इचारूक व्हया," वहिनी म्हणाली. "आमच्याकडे वाळलेला गवत पेटवताना पण पयली काठी आपटतत, आत काय असला तर भायर येवदे म्हणान."

विषय तिथेच थांबला असता. पण पुस्तकाप्रमाणे असल्या जाळपोळीने बंडाचं नाव पसरतं. मी टिकल्या काढत गेले आणि एकेक गाव येऊन मिळत गेलं. मलाही चेव आला. त्या गावांत पोरं माडाची पेटती चुडतं घेऊन आगवाल्याचा खेळ खेळतात, बायका त्याची ओवी म्हणतात, असं मी रचत गेले. ऐकताना मित्राचं तोंड असं फुलायचं की मी आणखी दोन ओळी जोडायचे. कबूल करते, मला मजा येत होती. पंधरा दिवसांत दहा गावं झाली. त्यांतली निदान चार त्या नऊ जणांच्या राखेवर आली होती, पण मांगरात आता राखेबद्दल कोणी बोलत नव्हतं.

दहा गावं झाली की पुस्तकातला एक नियम लागू होतो. बंडाला निशाण लागतं. बंडातल्या एका माणसाची निवड करायची, त्याचं चित्र झेंड्यावर काढायचं. मग तो झेंडा जिथे जाईल तिथे प्रत्येक टिकलीला तीन आकडे जास्त. मी हे वाचलं तेव्हा मित्राने काही म्हटलं नाही. नुसता सरळ बसला, फोटो काढून घ्यायला बसतात तसा.

"म्हणजे तूच काय तां," दादा म्हणाला. "आणखी कोण आसा?"

"तू आसस की," वहिनी म्हणाली.

"मी होडी वल्हवलंय. होडी वल्हवणाऱ्याचो झेंडो कोण करता?"

"आणि पोरां जाळणाऱ्याचो करतत?"

"वयनी, मी पोरां जाळूक गेलंय नाय. मी चौकी जाळूक गेलंय."

"पोरांका तां सांगलंस?"

मग मी मध्ये पडले. इतिहासाची पदवी होती, आणि ती वापरायची संधी घरात वारंवार येत नाही. मी म्हटलं की जगात कितीतरी झेंड्यांवर अशी माणसं आहेत ज्यांच्या हाताला रक्त होतं. लोक काही गोष्टी लक्षात ठेवतात आणि काही बाजूला ठेवतात. निशाण म्हणजे तो माणूस नसतो, लोकांनी त्याच्यातलं काय उचललं ते असतं. मला वाटलं, बरं बोलले.

"मगे रांधपीण कोणी उचलली?" वहिनीने विचारलं.

कॉलेजात हा प्रश्न आला नव्हता.

मित्र माझ्याकडे वळला. या वेळी हसत नव्हता. "मास्तरणीबाय, आठ वर्सां मी मरतंय. दर रातीक. एकदा तरी लोकांनी माझ्या नावान नारळ फोडूदे. खोटो खोटो असलो तरी चलात."

वहिनीने हात झटकले, म्हणाली, "करा काय करतास तां." दोन मतं आणि एक अर्धं. झालं ठरलं.

आता पुस्तकात होतं की झेंडा उभारताना शपथ घ्यावी. शपथ कशी ते दिलेलं नव्हतं. आमच्याकडे असल्या वेळी एकच गोष्ट करतात, गाऱ्हाणं. घराचा पाया असो, नवी होडी असो, पोराची परीक्षा असो, नारळ हातात धरून एकाने देवाला आणि त्या जागेच्या राखणदाराला मोठ्याने सगळं सांगायचं, आणि प्रत्येक वाक्यामागे बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. दादा सभेत बोलत नाही, पण गाऱ्हाणं घालण्यात त्याचा हात धरणारा वाडीत नाही. तो कोनाड्यातला नारळ घेऊन उभाच राहिला.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हयच्या जागेवाल्या राखणदारा. आज ही तुझी लेकरां एक जाग्यार बसली आसत."

"व्हय म्हाराजा."

"दहा गाव एक झाले आसत. ह्या लेकराक निशाण म्हणान उभो करतंव. तेच्या मागे उभो रव."

"व्हय म्हाराजा."

या शेवटच्या "व्हय"मध्ये एक आवाज जास्त होता. आई ओसरीवर सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडत बसली होती. कोणाचं गाऱ्हाणं, कशाचं, तिला काही माहीत नव्हतं. पण आमच्याकडे कानावर गाऱ्हाणं पडलं की तोंडातून व्हय निघतंच, विचारायची पद्धत नाही. दादाने नारळ फोडला. मित्राने खाली वाकून नमस्कार केला, आणि मी त्याच्याकडे न बघता डब्यातल्या टिकल्या मोजायला लागले.

आई दारात आली. "कसला निशाण रे? होडीक लावूचा?"

मित्राने तिला सगळं सांगितलं. अभिमानाने सांगितलं, चौकीपर्यंत. मग आईने विचारलं, "किती मेले?"

"नव."

"शिपाय नव?"

"शिपाय सा."

"आणि?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघितलं. शेवटी वहिनीने सांगितलं.

आई आरडाओरडा करत नाही. ती आवाज खाली नेते. "दोन पोरां जाळणाऱ्याच्या मागे उभो रव म्हणान राखण्याक सांगलास. आणि माका व्हय म्हणूक लावलास."

"आये, खेळ आसा तो," दादा म्हणाला.

"नारळ खेळातलो होतो?"

नारळाची भकलं आमच्या मध्ये पडलेली होती, पाणी जमिनीत मुरलेलं. नारळ खरा होता, ते चौघांपैकी कोणाला नाकारता येईना. राखणदारही खेळातला नव्हता. दादाने सवयीने आमच्याच मांगराच्या राखणदाराला हाक मारली होती. पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोक्यात ही अडचण येणं शक्य नव्हतं. ती आमच्याच घरात येऊ शकते.

आई आत गेली आणि दुसऱ्या दिवशीच्या आमटीचा नारळ घेऊन आली. तो तिने मित्राच्या हातात दिला.

"परत सांगूचा. सगळा सांगूचा, आणि जेना केल्यान तेनाच सांगूचा. खरा असात तर व्हय म्हणान, नायतर नाय."

मित्र उभा राहिला. छाती पुढे काढली, घसा खाकरला. "बा देवा म्हाराजाऽ, ह्या हातांनी मी ती पापी चौकी भस्म..."

"नाटकातलो आवाज बाजूक ठेव," आई म्हणाली.

त्याने दोनदा सुरुवात केली आणि दोनदा थांबला. आठ वर्षांत त्याला संवाद सुचला नाही असं झालं नसेल. मग साध्या आवाजात, जणू एस.टी.चं तिकीट मागतोय असा, बोलायला लागला.

"चौकीत सा शिपाय होते."

"व्हय म्हाराजा."

"ते आमची मासळी घेत."

"व्हय म्हाराजा." यात दादा सगळ्यांत मोठ्याने.

"मी आग लावलंय."

"व्हय म्हाराजा."

"आत एक रांधपीण होती. तिची दोन पोरां होती."

"व्हय म्हाराजा."

"तां माका म्हायत नाय होता."

कोणी काही म्हटलं नाही. मी म्हणणार होते, कारण ते खरंच होतं. पण आईचे ओठ मिटलेले होते आणि वहिनी त्याच्याकडे बघत होती. गाऱ्हाण्यात अशी मोकळी जागा मी आयुष्यात ऐकली नव्हती. मित्राने नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"मी इचारूक नाय," तो म्हणाला.

"व्हय म्हाराजा," वहिनी म्हणाली. मग आम्ही सगळे.

आता मागायचं राहिलं होतं. गाऱ्हाण्याच्या शेवटी मागायचं असतं, आणि त्याला काय हवं होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याने मागितलं असतं तर मी हो म्हटलं असतं, हे इथे लिहून ठेवते. आईनेही कदाचित म्हटलं असतं. सगळं खरं सांगून झालं होतं.

"म्हाराजा," तो म्हणाला, "माका एकदा उभो ऱ्हावूचा होता. पण तो झेंडो घेवन त्या रांधपिणीच्या आवशीच्या गावात जावक माका जमाचा नाय. निशाण नको. पण ह्या टायमाक माका मारू नको."

"व्हय म्हाराजा," आई सगळ्यांच्या आधी म्हणाली, आणि नारळ फोडायला त्याला पायरीपर्यंत घेऊन गेली.

आगवाल्याचं पुढे काय करायचं ते मी पुस्तकात शोधलं. असा माणूस एकतर राजा होतो नाहीतर फासावर जातो, तिसरं काही दिलेलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि वहीत पहिल्यांदा माझा स्वतःचा नियम लिहिला: जगतो.

असला माणूस बंडाचं निशाण होऊ शकतो का, असं मला कोणी आता विचारलं तर मी सांगेन, होतो. अडचण काहीच नाही. तीन माणसं, एक नारळ, आणि ओसरीवर कोणीतरी व्हय म्हणणारं, पाच मिनिटांचं काम आहे. मी स्वतः त्या पाच मिनिटांत होते, पदवीसकट.

झेंडा कोरा राहिला तेव्हा दादा म्हणाला, "बांगडो काढा. बांगडो कोणाक जाळणा नाय." तर बांगडा निघाला. पुस्तकाप्रमाणे बांगड्याला तीन आकडे जास्त मिळत नाहीत. दोन गावं लगेच सोडून गेली, बांगड्याच्या मागे कोण जाईल म्हणून. आमचं बंड पुढे रखडत चाललं. वहिनी मात्र जाम खूश होती.

नारळी पौर्णिमा जवळ आली तसे दादाचे हात जाळ्यात जास्त आणि खेळात कमी राहायला लागले. एका दुपारी मित्र म्हणाला, आज मी एकटाच जातो, रांधपिणीच्या आवशीच्या, म्हणजे आईच्या, गावाला. डबा हलवू का, असं मी विचारलं. नको म्हणाला. म्हातारी कोण होणार असा प्रश्न आला, तर वहिनी हात पुसत पुढे येऊन बसली.

"कोण रे तू?" तिने म्हातारीच्या आवाजात विचारलं.

"चौकी जाळलली ना, तो मी."

दादाने मान वर केली. वहिनी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, आणि ती वहिनी होऊन बघतेय की म्हातारी होऊन, ते मला सांगता येत नाही. मी सांगणारी असूनही.

"घरात कोण नाय आता माझ्या," ती म्हणाली. "लाकडां फोडूक कोण नाय. इलंस तर फोडून दी. आणि काडेपेटी भायर ठेव."

मित्राने शर्टाच्या खिशात हात घातला. बिडीसाठी ठेवलेली खरी काडेपेटी काढली, उठून दाराबाहेर गेला, छपराच्या पावळीचं पाणी लागणार नाही अशी बघून ती ओसरीच्या कठड्यावर ठेवली आणि परत येऊन वहिनीसमोर बसला.

"मगे," तो म्हणाला, "कुऱ्हाड खंय आसा?"